खळ लावलेलं पुस्तक

गुणवंत खांबेट्याला पुस्तकं कापायची सवय होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी हळहळायला नको की माणूस इतका सज्जन, त्याच्या हातून असं झालंच कसं. सज्जन तो होताच. दिल्लीतली अर्धीअधिक मराठी माणसं सज्जनच असतात, केंद्र सरकारची नोकरी त्यांना दुसरं काही होऊच देत नाही. पण सज्जनपणाचा आणि हाताच्या सवयीचा काही संबंध नसतो, आणि जे झालं ते सवयीनं झालं.

त्याचा धंदा पटकथेचा. स्वतःच्या डोक्यातली गोष्ट त्यानं जन्मात लिहिली नाही. दुसऱ्याची कादंबरी घ्यायची आणि तिचे टीव्हीसाठी तेरा भाग पाडायचे, नाहीतर दुसऱ्याचं कॉमिक घ्यायचं आणि त्यातल्या फुग्यांतली वाक्यं नटांच्या तोंडी बसवायची, हे त्याचं काम. त्याची एक ठरलेली पद्धत होती. पुस्तकाच्या दोन प्रती आणायच्या. दोन अशासाठी, की पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं. एका प्रतीतली सम पानं वापरायची, दुसरीतली विषम. दाढीच्या ब्लेडनं पान शिवणीपासून सोडवायचं, फुलस्केप कागदाच्या डाव्या अंगाला चिकटवायचं, आणि उजव्या अंगाला आपण लिहायचं: कॅमेरा कुठं आहे, कोण बोलतं, काय बोलतं. चिकटवायला बाजारचा गोंद त्याला चालत नसे. सकाळचा चहा झाला की त्याची बायको कुमुद त्याच गॅसवर मैद्याची खळ शिजवून द्यायची. पातेलं वेगळं ठेवलं होतं, पण वास काही वेगळा ठेवता येत नाही. मुनिरक्याच्या त्या दोन खोल्यांत बारा महिने आंबट मैद्याचा वास असायचा आणि जमिनीवर कापून उरलेल्या पुस्तकांचा ढीग, गरे काढून घेतलेल्या फणसासारखा. कुमुद तो केरसुणीनं गोळा करून रद्दीवाल्याला द्यायची. एवढं लिहिणारा माणूस, पण त्याच्या घरात धड एक पुस्तक नव्हतं.

या धंद्यात तो आला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. वडील एका मंत्रालयात कारकून, सरोजिनीनगरचं क्वार्टर, शाळा पहाडगंजची, मराठी. पुढं तोही सरकारात हिंदी अनुवादक म्हणून चिकटला आणि ‘उपर्युक्त विषय के संदर्भ में’ लिहून लिहून त्याचा जीव आंबून गेला. तेव्हा दर्यागंजच्या एका कॉमिकवाल्यानं त्याला वरकड काम दिलं. मोठमोठ्या कादंबऱ्या बत्तीस पानांत बसवायच्या, पानाला सहा चौकोन, फुग्यात पंधराच्या वर शब्द नकोत. गुणवंतानं नवरा गेलेल्या एका बाईचं चारशे पानांचं दुःख बत्तीस पानांत बसवलं, आणि शेवटच्या चौकोनात जागा उरली म्हणून तिला कड्यावरून उडी मारायला लावली. मूळ कादंबरीत ती म्हातारी होऊन नातवंडांत मरते. लेखकाचं पत्र आलं नाही, वाचकांचीच आली, सगळी खूष. मग पंचाऐंशीच्या सुमारास मालिकांचं पेव फुटलं आणि त्यानं नोकरीचा राजीनामा दिला. एक हात पोलादाचा असलेल्या इन्स्पेक्टरच्या कॉमिकवर त्यानं सव्वीस भाग लिहिले. पोरं त्या हाताचे केक कापत होती वाढदिवसाला. गुणवंत हे अभिमानानं सांगायचा, आणि सांगून झालं की त्याचं तोंड आपोआप कडू व्हायचं.

तोंड कडू होण्याचं कारण एक बाई होती.

पहाडगंजच्या शाळेत चंद्रप्रभा सबनीस मराठी शिकवायच्या. लग्न केलं नाही, करोलबागेत भावाकडे राहायच्या. सुट्टी लागली की मोटारीनं पानिपतला जायच्या आणि तिथल्या विणकरांच्या घरी बसून त्यांच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या. त्यातून त्यांनी एकच कादंबरी लिहिली, ‘बुणग्यातली शेवंता’. पानिपतावर लढायला गेले त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. बाईंनी फौजेमागून फरफटत गेलेल्या बुणग्यांबद्दल लिहिलं, आणि त्यातही एका भडभुंजिणीबद्दल, जी छावणीत चणे भाजून विकायची. नवरा लढाईत नाहीसा होतो, ही मागे राहते आणि पुढं एका विणकराच्या घरी आयुष्य काढते. राण्या नाहीत, तलवारी नाहीत.

पुस्तक एकसष्टच्या मार्चात पुण्याला छापून निघालं आणि बाईंनी त्यातलं एक पान आठवीच्या वर्गात वाचून दाखवलं. पराभवानंतरचा तिसरा दिवस. शेवंता उपाशी, शेतात लपलेली. शेजारी एक मेलेला स्वार, त्याच्या कमरेला पुरचुंडी. ती सोडते तर आत चणे, आणि ते तिचेच, थोडे जास्त भाजलेले, तिनंच चार दिवसांपूर्वी त्याला विकलेले. आता ते रक्तानं भिजून फुगलेत. ती खाते. ओकते. आणि ओकलेल्यातलेच वेचून पुन्हा खाते, कारण दुसरं काही नसतं. बाईंनी हे अगदी सरळ आवाजात वाचलं, बाजाराची यादी वाचावी तसं. तिसऱ्या बाकावर बसलेला तेरा वर्षांचा गुणवंत उठला, दारापर्यंत पोचला आणि व्हरांड्यात भडाभडा ओकला. डब्यातले पोहे सगळे बाहेर. मुलं हसली. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, की शब्दांनी पोट ढवळतं म्हणजे ते शब्द खरे आहेत. त्या दिवशी गुणवंतानं ठरवलं की आपण लिहिणारच. काय लिहिलं ते वर आलंच आहे.

जुलैत पानशेत फुटलं. पुण्याला नदीकाठच्या छापखान्यात कादंबरीचा सगळा गठ्ठा होता, बाईंचं हस्तलिखितही तिथंच. सगळ्याचा लगदा झाला. दिल्लीला चाळीस प्रती आधीच येऊन पडल्या होत्या, तेवढ्या वाचल्या, पण वाचायला नेलेलं पुस्तक परत करायची आपल्या लोकांत पद्धत नाही. पंचवीस वर्षांत त्या चाळीसातली एक प्रत उरली, बाईंची स्वतःची, हिरव्या शाईनं जागोजाग दुरुस्त्या केलेली. बाईंनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. त्यांचं सगळं म्हणणं त्या एका प्रतीत होतं.

सत्त्याऐंशी साली बत्रा नावाच्या निर्मात्याला ‘कुछ हिस्टॉरिकल’ पाहिजे होतं. गुणवंताला बाईंची आठवण आली, आणि मनापासून आली, हे कबूल केलं पाहिजे. तो करोलबागेत गेला. बाई निवृत्त झालेल्या, भाऊ वारलेला, रेल्वेच्या ऑफिसात असणारी भाची प्रमोदिनी त्यांना सांभाळायची. बाईंनी कपाटातून पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

“गुणवंता, ही एकच आहे. काम झालं की परत आण. आणि ते चण्यांचं पान गाळायचं नाहीस.”

“बिल्कुल नाही, बाई,” गुणवंत म्हणाला.

घरी येताना त्याच्या मनात नक्की होतं की पुस्तकाची झेरॉक्स काढायची आणि झेरॉक्सच कापायची. मुनिरक्यात विद्यापीठाची मुलं राहतात. त्याच्या जिन्याखाली दोन आणि समोर एक अशी तीन झेरॉक्सची दुकानं होती. तिथं गेला तर लाईट गेलेली. दुकानदार म्हणाला, कल आना. दुसऱ्या दिवशी बत्राचा फोन, चार भाग दहा दिवसांत हवेत. आणि दुपारी टेबलाशी बसल्यावर, कुमुदनं शिजवलेली खळ समोर निवत ठेवलेली, हाताशी ब्लेड, तेव्हा त्यानं स्वतःशी म्हटलं, नुसतं पहिलं पान. एका पानानं काय होतंय. मागची बाजू हातानं उतरवून काढू.

पहिल्या तीस पानांची मागची बाजू त्यानं खरंच उतरवली. नंतर उतरवणं उद्यावर गेलं, परवावर गेलं, आणि पानं मात्र रोज कापली गेली. मागच्या बाजूला सरळ खळ फासून तो पान कागदावर दाबायचा. अर्धी कादंबरी तशीच कागदाला तोंड लावून चिकटली, बाईंच्या हिरव्या शाईसकट. दीड महिन्यानं पुस्तकाचे नुसते पुठ्ठे उरले. ते पुठ्ठे पाहून कुमुदनं विचारलं, की अहो, हे परत द्यायचं होतं ना. गुणवंत तिच्यावर खेकसला. बायकोवर खेकसणं हे त्या घरात त्याच्या चुकलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं.

बरं, एवढं कापून पडद्यावर तरी धड आलं का? नाव नको. बत्राला आधी भडभुंजीण नको होती, म्हणून शेवंता एका सरदाराची हरवलेली मुलगी झाली. मग त्याला हरलेली लढाई नको होती. रविवारी सकाळी हरायला कोण बसतं, असं त्याचं म्हणणं. गुणवंतानं लढाईच धुक्यात घातली, म्हणजे कोण हरलं ते दिसायला नको. पानिपतच्या बाहेर एका शेतात चित्रीकरण झालं. घोडे महाग म्हणून लग्नाच्या वरातीच्या घोड्या आणल्या होत्या, पांढऱ्याफेक. त्यातल्या एकीच्या कपाळावरची जरीची झालर काढायची राहिली आणि ती तशीच मराठ्यांच्या बाजूनं लढली. बाजूला उसाचा रस विकणारा गाडीवाला हसून लोळत होता. गुणवंत खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होता आणि घरी जाऊन भाग आठवा लिहीत होता.

चण्यांचं पान अकराव्या भागात येत होतं. तिथं नवीनच भानगड निघाली. मालिकेचा स्पॉन्सर नमकीन विकणारा होता आणि त्याचं नवीन पाकीट मसालेदार चण्यांचं होतं. बत्रा हात जोडून म्हणाला, “खांबेटेजी, मेरा स्पॉन्सर चना बेचता है, और आपकी हीरोइन चना खाके उल्टी करती है.” खोलीतले सगळे हसले. गुणवंतही हसला. इथं तो उठला असता, फाईल बगलेत मारून निघाला असता, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण बत्रानं विचारलं, की मग ती करते काय? आणि सामोसा संपायच्या आत गुणवंतानंच सुचवलं. दुसऱ्या कुणी नाही, त्यानंच. शेवंता खाली वाकते, रणांगणावरची माती उचलते, कपाळाला लावते आणि म्हणते, “आज से यही मिट्टी मेरा मायका है.” बत्रा खुर्चीतून उठला आणि त्याला मिठी मारली. वर सांगायची लाज म्हणजे, म्हणून दाखवताना गुणवंताच्या स्वतःच्या डोळ्यांतही पाणी आलं होतं.

त्या मातीच्या प्रसंगानं मालिका गाजली. शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोरी कपाळाला माती फासून ते वाक्य म्हणू लागल्या. बत्राच्या ऑफिसातून चिकटवलेल्या कागदांचं बाड परत आलं, ते गुणवंतानं एका पत्र्याच्या ट्रंकेत घातलं आणि ट्रंक माळ्यावर ढकलली. बाईंनी तेरा भाग पाहिले असं त्याला प्रमोदिनीकडून कळलं. शेवटचा भाग झाल्यावर तो पेढे घेऊन गेला. मालिकेबद्दल बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, पुस्तक कधी आणतोस? तो म्हणाला, बत्राच्या ऑफिसात आहे. पुढल्या खेपेलाही तेच म्हणाला. तिसऱ्या खेपेला म्हणायला नको म्हणून त्याचं करोलबागेत जाणंच बंद झालं.

नऊ वर्षं अशी गेली. केबल आलं, नोएडात कार्टूनचे स्टुडिओ निघाले, आणि गुणवंत खांबेटे पुराणांची कॉमिकं घेऊन देवांना गुबगुबीत बाळं करू लागला. देवांनी पंधरा शब्दांच्या वर बोलायचं नाही हा नियम तिथंही होताच. कामाला तोटा नव्हता. पण पुस्तक हातात घेतलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. डॉक्टर म्हणाला, ॲसिडिटी. गुणवंतानं ते आनंदानं मान्य केलं.

शहाण्णव सालच्या थंडीत प्रमोदिनीचा फोन आला. पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं होतं. त्याच्या आईनं तरुणपणी दिल्लीत ‘बुणग्यातली शेवंता’ वाचली होती आणि मरेपर्यंत ती त्याच पुस्तकाबद्दल बोलायची. त्याला ते पुन्हा छापायचं होतं. पुण्यात, मुंबईत कुठंच प्रत मिळेना, तेव्हा बाईंची पाठवा, असं त्यानं लिहिलं होतं. प्रमोदिनी सरळ बाई. तिनं टोमणा मारला नाही. बाई ऐंशीच्या झाल्यात, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, आणि पत्र आल्यापासून रोज सकाळी विचारतात की गुणवंत आला का, एवढंच ती म्हणाली.

गुणवंतानं स्टुलावर चढून ट्रंक खाली काढली. झाकण उघडल्याबरोबर जो भपकारा आला त्यानं कुमुद नाकाला पदर लावून मागे सरली. शिजवलेला मैदा झुरळांना आवडतो, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही कधी त्याचा विचार केला नव्हता. नऊ वर्षं झुरळांनी खळ खाल्ली होती, आणि खळीसकट कादंबरी खाल्ली होती. फुलस्केपवर गुणवंताच्या अक्षरातली उजवी बाजू जशीच्या तशी शाबूत होती. कट टू, क्लोजअप, सगळं. डाव्या बाजूला भोकं, काळे ठिपके, अंड्यांची रिकामी टरफलं आणि कुठं कुठं हिरव्या शाईचा डाग. हातात घेतलेल्या गठ्ठ्यातून दोन जिवंत झुरळं निघून त्याच्या बाहीत शिरली. त्यानं गठ्ठा फेकला आणि हात धुवायला गेला, आणि धुतच राहिला. सगळं निवडून पाहिलं तेव्हा वाचता येतील अशी साडेअकरा पानं निघाली. चण्यांचं त्यात नव्हतं.

खोटं बोलायची सोय होती. बत्रा केव्हाच धंदा गुंडाळून कॅनडाला गेला होता, त्याच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण या खेपेला गुणवंत करोलबागेत गेला आणि त्यानं बाईंना सगळं खरं सांगितलं. ब्लेड सांगितलं, खळ सांगितली, लाईट गेली होती तेही सांगितलं आणि झुरळंही सांगितली. बाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या, पांढरट डोळे भिंतीकडे. प्रमोदिनी दारात उभी राहून रडत होती. बाई रडल्या नाहीत.

“कापलंस ना?” त्या म्हणाल्या. “मग लिहून काढ. सगळं.”

शाळेत गृहपाठ चुकला की त्या हीच शिक्षा करायच्या. अठ्ठेचाळीस वर्षांचा गुणवंत हो म्हणाला.

आठ महिने तो दुसरं काही करत नव्हता. नोएडाचं काम सोडलं. कुमुद पोस्टात नोकरीला होती म्हणून घर चाललं. ती साडेअकरा पानं, उतरवून ठेवलेल्या मागच्या तीस बाजू, पटकथेची उजवी बाजू आणि डोक्यात जे उरलं होतं ते, एवढ्या भांडवलावर कादंबरी उभी करायची होती. आणि मराठीत. वीस वर्षं हिंदीत लिहिलेला हात. मराठी वाक्य सुरू करावं तर मध्येच ‘कैमरा’ घुसायचा. भडभुंज्याच्या भट्टीला, कढईला, झाऱ्याला बाईंनी काय काय शब्द वापरले होते ते आठवेना. पण लिहिता लिहिता एक गोष्ट झाली. एकेक वाक्य बाईंच्या आवाजात ऐकू येऊ लागलं. वीस वर्षांत पहिल्यांदा लिहिताना त्याला स्वतःची शिसारी आली नाही.

दर रविवारी सकाळी तो लिहिलेलं घेऊन करोलबागेत जायचा आणि वाचून दाखवायचा. बाईंची स्मरणशक्ती पाहून तो थक्क व्हायचा. त्या मध्येच थांबवायच्या आणि म्हणायच्या, इथं ‘गेली’ नाही, ‘निघाली’ होतं. इथं एक वाक्य राहिलं, गाढवाचं. इथं मी स्वल्पविराम दिला होता आणि पुण्याच्या शहाण्यांनी तो छापला नव्हता. साडेअकरा पानांतलं काही मुद्दाम चुकवून त्यानं दोनदा परीक्षा घेतली; बाईंनी दोन्ही वेळा धरलं. प्रमोदिनीनं पुण्याला कळवलं की दिवाळीपर्यंत प्रत येते. पुस्तक परत होणार, अगदी बाईंच्या पसंतीचं होऊन परत होणार, असं गुणवंताला वाटू लागलं. रात्री झोप लागू लागली. ॲसिडिटी गेली.

आणि चण्यांचं पान आलं.

ते त्यानं एकोणीस वेळा लिहिलं होतं. इथं त्याला कुणाची साक्ष नको होती. या पानावर तो ओकला होता. पुरचुंडीची गाठ, जास्त भाजलेले चणे, वेचून पुन्हा खाणं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी कॉटशेजारच्या खुर्चीवर बसून त्यानं ते वाचलं, बाईंनी वाचलं होतं तसं, सरळ, बाजाराची यादी वाचावी तसं. वाचून झालं आणि त्यानं वर पाहिलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“हे काय आणलंस?” त्या म्हणाल्या. “हे माझं नाही.”

गुणवंताला वाटलं, एखादा शब्द चुकला असेल. बाई म्हणाल्या, शब्द नाही, सगळंच. शेवंता तिथं खाली वाकते, माती उचलते आणि कपाळाला लावते. इतकी वर्षं झाली तरी मला लख्ख दिसतंय, त्या म्हणाल्या, धुकं असतं आणि मागं पांढरा घोडा उभा असतो.

गुणवंतानं प्रमोदिनीकडे पाहिलं. प्रमोदिनी म्हणाली, हो, मातीचंच ना, सगळ्यांना तेच तर आठवतं. तिनं मूळ पुस्तक कधी वाचलेलंच नव्हतं. आता त्या घरात ते पान ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक तर नाही म्हणत होतं.

“बाई, ती माती माझी आहे,” गुणवंत म्हणाला. “बत्राच्या ऑफिसात सामोसा खाता खाता मी बनवली. तुम्ही चणे लिहिले होते. मी वर्गात ओकलो होतो.”

बाई हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसल्या, मायेनं.

“तुला कुठून सुचणार रे असं? आणि ओकलास तो काविळीनं. तुझे डोळे पिवळे झाले होते, मीच तुला रिक्षातून सरोजिनीनगरला पोचवलं.”

त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं, ते पान गाळायचं नाही असं तुम्हीच बजावलं होतं, हेही सांगितलं. हातात घेऊन येण्यासारखा पुरावा एकच होता आणि तो झुरळांच्या पोटात गेला होता. बाई थकल्या, त्यांचा आवाज चढला, श्वास लागला. प्रमोदिनी मध्ये पडली. म्हणाली, भाऊ, पुस्तक त्यांचं आहे, त्या सांगतात तसं लिहा ना, आधीच तुम्ही एवढं केलंय. ‘एवढं केलंय’ याचा अर्थ तिला जो हवा तो असेल, गुणवंताला एकच समजला. त्यानं एक कोरा कागद मांडीवर घेतला.

“ते चण्यांचं काढून टाक,” बाई म्हणाल्या. “ऐकून किळस येते. घे लिहून.”

आणि त्यांनी शुद्धलेखन घालावं तसं सांगायला सुरुवात केली, एकेक शब्द सुटा करून, दोनदा उच्चारून. शेवंता खाली वाकली, स्वल्पविराम. तिनं मूठभर माती उचलली, स्वल्पविराम. आंधळे डोळे भिंतीवर लावून, आवाज भरून आलेला, त्या सांगत होत्या आणि गुणवंत मांडीवरच्या कागदावर उतरवून घेत होता. आजपासून हीच माती माझं माहेर, पूर्णविराम. मराठीत ते वाक्य चक्क बरं वाटत होतं. बाईंनी ते त्याला परत वाचायला लावलं, आणि त्यानं वाचलं.

“छान,” बाई म्हणाल्या, आणि चाचपत त्याच्या मनगटावर हात ठेवला. “पुस्तक परत केलंस हो अखेर. मला वाटलं नव्हतं.”

गुणवंत त्यांच्या पाया पडला. प्रमोदिनीनं पोह्यांची बशी पुढं केली, ती त्यानं नको न म्हणता खाल्ली. चण्यांचं पान त्यानं घडी करून खिशात घातलं आणि निरोप घेतला. दोन मजले उतरून तो खालच्या वळणावर आला आणि तिथंच, विजेच्या मीटरांच्या पेटीला धरून, भडाभडा ओकला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हिंदीत ओरडलं, की कोण आहे, जिना घाण करतोय. त्यानं खिशातून ते पान काढलं, त्या कागदानंच पायरी पुसली आणि पान कोपऱ्यात टाकून दिलं. या खेपेला त्याला कावीळ झालेली नव्हती.